ओठावरचा जुना बिऱ्हाडकरू

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वैद्यकाच्या प्रांतात शिरावे, हे थोडे धाडसाचेच. पण ज्याचे जळते त्याला कळते, या न्यायाने हा लेखप्रपंच. परीक्षेचे वेळापत्रक लागले की माझ्या ओठाच्या कडेला फोड येतात. "ताप उतला," असे आई म्हणते आणि लोणी लावते. मी आठवडाभर रुमालाआड तोंड लपवते.

गेल्या वर्षी दादाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसे ठरले. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि नेमका दोन दिवस आधी माझा ओठ चुरचुरू लागला. घरात कुणाला त्याचे काहीच वाटले नाही. मी सहज डॉक्टरांना विचारले. त्यांचे उत्तर ऐकून माझे हातपाय गार पडले. त्यांनी सांगितलेले आणि मागाहून मी वाचलेले येथे थोडक्यात मांडते.

प्रथम एक घोटाळा दूर करू. तोंडाच्या आत पांढरट व्रण होतात ते 'तोंड येणे'. ते संसर्गजन्य नसते. ओठांचे दोन्ही कोपरे चिरतात, तोही प्रकार वेगळा. ओठाच्या कडेवर पाणीदार फोडांचा झुबका उठतो, तो मात्र हर्पिस सिंप्लेक्स नावाच्या विषाणूचा, बहुधा त्याच्या पहिल्या प्रकाराचा, प्रताप. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे शेकडा ६४ जणांच्या शरीरात या पहिल्या प्रकाराचा विषाणू होता. बहुतेकांना तो लहानपणी घरच्यांच्या लाळेतून, पाप्यातून मिळतो. तेव्हा यात चारित्र्याचा प्रश्न कोठून आला? कुजबुजणाऱ्यांपैकी निम्म्यांहून अधिकांच्या अंगात तोच पाहुणा असण्याचा संभव आहे!

मग तो पुन्हा पुन्हा का उठतो? पहिल्या संसर्गानंतर विषाणू मरत नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूवाटे तो कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या गाठीत जातो आणि तेथे झोपी जातो. हा बिऱ्हाडकरू जागा कधीच सोडत नाही. ताप, सर्दी, जागरण, मानसिक ताण, कडक ऊन, मासिक पाळी, ओठाला झालेली इजा, यांपैकी काही घडले की तो जागा होऊन त्याच वाटेने ओठावर परततो. म्हणून फोड बहुधा ठरलेल्या जागीच येतो. आधी चुरचुर, मग फोड, ते फुटून ओली जखम, नंतर खपली. सात ते दहा दिवसांत सारे आवरते.

यावर असायक्लोव्हिर हे औषध आहे. त्याच्या शोधात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना औषधशास्त्रातील कार्याबद्दल १९८८ चे नोबेल पारितोषिक दोघा शास्त्रज्ञांसमवेत मिळाले. गंमत अशी, की हे औषध विषाणूच्याच एका विकरामुळे जागे होते, आणि मग विषाणूची वाढ रोखते. त्यामुळे निरोगी पेशींना फारशी झळ लागत नाही. मात्र ते झोपलेल्या विषाणूला बाहेर काढीत नाही, आणि चुरचुर सुरू होताच घेतले तरच त्याचा खरा उपयोग. मलम की गोळ्या, हे डॉक्टरांनी ठरवावे. घरातले खाजेचे स्टेरॉइडयुक्त मलम मात्र मनाने लावू नये.

बाकी पथ्ये साधी आहेत. फोड फोडू नये, खपली काढू नये. हात लागला तर साबणाने धुवावा. तोच हात डोळ्याला लावणे फार वाईट, कारण बुबुळाला संसर्ग झाल्यास दृष्टी अधू होऊ शकते. पेला, टॉवेल, लिपस्टिक वेगळी ठेवावी. उन्हात ओठ झाकावेत. आपल्या कुस्तीगीर मित्रांनी फोड असताना आखाड्यात उतरू नये, कारण अंगाला अंग घासून हा संसर्ग पसरतो. फोड दोन आठवड्यांत बरा न झाल्यास, वर्षातून सहा-सात वेळा उठल्यास, डोळा लाल होऊन दुखल्यास किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास डॉक्टरांना गाठावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: फोड असताना तान्ह्या बाळाचा पापा कदापि घेऊ नये. पहिल्या काही आठवड्यांत बाळाची प्रतिकारशक्ती अपुरी असते. मोठ्यांना आठवडाभर छळणारा हा विषाणू त्याच्या मेंदूत, यकृतात पसरून जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांनी मला हेच सांगितले होते.

बारशाला मी दारापाशीच उभी राहिले. मान चुलतबहिणीला दिला. "आत्याबाई रुसल्या वाटतं!" असे कुणीतरी म्हणाले, डोळे भरून आले, पण पाळण्याजवळ गेले नाही. रात्री आईला सारे समजावून सांगितले. ती म्हणाली, "आमच्या वेळी कुणी सांगितलंच नाही गं."

तीन आठवड्यांनी खपलीचा मागमूसही उरला नव्हता. वहिनीने बाळ माझ्या मांडीवर दिले. मी तिच्या कानाशी वाकले, "कुर्र" केले, आणि माझ्या भाचीला तिचे नाव सांगितले.