उपवासाचा आहार आणि प्रमेहाचे उपद्रव

चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंमध्ये दही, नवान्न, गुळाचे पदार्थ व आस्यासुख यांची गणना केली आहे. परळी वैजनाथ येथे श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीस अनेक मधुमेही रुग्ण उपवास करतात. साबुदाणा, रताळे व बटाटा हे पिष्टमय पदार्थ रक्तशर्करा त्वरेने वाढवितात. याउलट ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन निराहार राहिल्यास शर्करा ७० मि.ग्रॅ.च्या खाली उतरून स्वेद, कंप व मूर्च्छा संभवते.

शर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास नेत्र, वृक्क व नाडी यांत विकृती येते. पायांची संवेदना गेलेल्या रुग्णास अनवाणी दर्शनास जाताना झालेली जखम कळत नाही. तीच पुढे कोथास कारण होते. ब्रिटनमधील यूकेपीडीएस अभ्यासात (१९९८) काटेकोर शर्करानियंत्रणाने सूक्ष्मवाहिन्यांचे उपद्रव सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

आम्ही रुग्णांस नित्य आहारात यव, ज्वारीची भाकरी, मूग व पालेभाज्या, तर उपवासास ताक, काकडी व मोजके शेंगदाणे सुचवितो. गोळीची मात्रा मात्र उपवासापूर्वीच चिकित्सकाकडून ठरवून घ्यावी. औषधविक्रेत्या बंधूंनी प्रमेहावरील चूर्ण देताना चालू गोळ्यांची चौकशी अवश्य करावी. त्या परस्पर बंद करण्यास सुचवू नये. व्यावसायिकांनी प्रत्येक भेटीत रुग्णाचे तळपाय पाहावेत.