ग्रंथालय आणि नक्कल

झेरॉक्सचें यंत्र व संगणक हातीं आल्यापासून, जें पुस्तक वाचावयास मिळालें तें आपलेंच झालें, असें आम्हां विद्यार्थ्यांस वाटूं लागलें आहे. वस्तुतः पुस्तकाची प्रत ग्रंथालयाची असली, तरी त्यांतील शब्दरचना लेखकाची असते.

भारताच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें हा स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, लेखक हयात असेपर्यंत व त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षें टिकतो. साने गुरुजी १९५० सालीं निवर्तले. म्हणून त्यांची ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांस मोकळी झाली.

मग इतर पुस्तकांवरून अभ्यास करूंच नये कीं काय? तसें मुळींच नाहीं. खासगी अभ्यास व संशोधन यांसाठीं वाजवी प्रमाणांत उतारा घेण्यास कायद्याची मुभा आहे. भारतांत विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयास आपल्या उपयोगासाठीं करवितां येतात. परंतु दुकानांत मिळणारें पुस्तक पैसे वांचविण्यासाठीं संपूर्ण उतरवून घेणें, हें लेखकाच्या कष्टांचें मोल बुडविणें होय.

म्हणून उतारा घेतांना लेखकाचें नांव, ग्रंथ व पृष्ठांक आम्ही वहींत टिपून ठेवावे. ज्याच्यापासून आम्ही शिकलों त्याचें ऋण मान्य करणें, हाही विद्येचाच भाग आहे.