पट्टी काढली, मग काम कुठे गेले?



मागच्या सत्रात आपण लक्ष्मीविलास राजवाड्याची रेखाटने केली. १८९० साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूच्या दर्शनी बाजूवर नक्षी नसलेली वीतभर जागा शोधताना तुमची चांगलीच दमछाक झाली होती. या वेळी आपण उलट बाजूने सुरुवात करू आणि जिथून नक्षी मुद्दाम काढून टाकली आहे अशी घरे आणि असे कपडे पाहू. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हल्ली तुम्ही ते पाहताच. पांढरी भिंत, एकच बैठक, एकच कुंडी. शेजारच्या पानावर एकरंगी सुती कुर्ता, ना लेस, ना भरतकाम. इंग्रजीत याला 'मिनिमलिझम' म्हणतात. मराठीत कुणी 'किमानवाद' असा शब्द वापरतात, पण मला तो जड वाटतो. आपण त्याला 'मोजकी शैली' म्हणू.

मोजकी म्हणजे कमी वस्तू, कमी काम, कमी खर्च असा आपला सर्वसाधारण समज असतो. माझाही तोच होता. काही वर्षांपूर्वी आमच्या घराची फरशी बदलायला काढली. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे चार बोटे उंचीची पट्टी लावतात, तिला आपण स्कर्टिंग म्हणतो. एका पुस्तकात मी बिनपट्टीच्या खोल्यांची छायाचित्रे पाहिली होती आणि ती मनात भरली होती. गवंड्याला, म्हणजे आपल्या बडोद्याच्या बोलीत कडियाला, मी सांगितले, "पट्टी नको, भिंत सरळ फरशीला भिडू दे. आणि पट्टीचे काम वाचले, तेव्हा एक दिवसाची मजुरी कमी धरा." तो हसला आणि म्हणाला, "सर, पट्टी नको असेल तर दोन दिवस जास्त लागतील." मला वाटले हा आपल्याला फसवतो आहे. मी अडून बसलो. शेवटी त्याने माझ्या हिशेबाने काम उरकले.

काम झाल्यावर पाहतो तर फरशीच्या कापलेल्या कडा उघड्या पडलेल्या, गिलावा कुठे पोटात गेलेला तर कुठे बाहेर आलेला, आणि भिंतीच्या पायथ्याशी सापासारखी वळणे घेत जाणारी एक रेघ. रोज पोछा फिरवून वर्षभरात भिंतीचा खालचा भाग काळा पडला. मग त्याच कडियाला बोलावून पट्टी लावून घेतली. या वेळी मजुरीत घासाघीस केली नाही.

ती पट्टी नुसती शोभेची नव्हती. दोन वस्तू जिथे मिळतात तो सांधा ती झाकत होती. दाराच्या चौकटीभोवतीची लाकडी पट्टीही तेच करते. कपड्याच्या काठाला लावलेली लेस किंवा पायपिंग कापडाची कच्ची कड आत घेते. पट्टी असली की कारागिराला दोन-चार सूत इकडेतिकडे चालते. पट्टी काढली की त्याला सूतभरही सूट राहत नाही. म्हणजे पट्टीचे काम नाहीसे होत नाही. ते गवंड्याच्या ओळंब्याकडे आणि शिंप्याच्या कात्रीकडे जाते. मोजक्या शैलीचे घर किंवा कपडा पाहताना म्हणूनच हा प्रश्न विचारायचा की जे काढले, ते कुणाच्या वाट्याला गेले?

हा प्रश्न घेऊन आता शंभरहून अधिक वर्षे मागे, ऑस्ट्रियाच्या राजधानीत व्हिएन्नाला जाऊ. आडोल्फ लोस हा वास्तुरचनाकार १८७० मध्ये ब्रनो येथे, दगडकाम आणि शिल्पकाम करणाऱ्या बापाच्या घरी जन्मला. १८९३ ते १८९६ ही वर्षे तो अमेरिकेत राहिला. परतल्यावर त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिले. त्यांत खुर्च्या, भांडी आणि घरे आहेत, तसेच पुरुषांचे कपडेही आहेत. जो पोशाख सर्वांत कमी डोळ्यांत भरतो तो उत्तम, असे त्याचे मत होते. पुढे १९१० च्या सुमारास 'अलंकार आणि गुन्हा' या नावाने प्रसिद्ध असलेले व्याख्यान त्याने दिले.

त्याच काळात, १९०९ ते १९११ या वर्षांत, त्याने व्हिएन्नाच्या मिखाएलर चौकात एक इमारत बांधली. ती होती गोल्डमन अँड सालाच या पुरुषांचे कपडे शिवणाऱ्या पेढीची. शिंपीकाम आणि घरबांधणी या एकाच विचाराने कशी बांधली गेली, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही. समोर सम्राटाचा राजवाडा, आजूबाजूला नक्षीदार दर्शनी भिंती, आणि मध्ये या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर साधा चुन्याचा गिलावा आणि सपाट चौकोनी खिडक्या. शहरात गदारोळ झाला, नगरपालिकेने काम थांबवले. अखेर काही खिडक्यांखाली ब्राँझच्या फुलांच्या पेट्या बसवायच्या या तडजोडीवर प्रकरण मिटले. छायाचित्रात त्या पेट्या आजही दिसतात.

पण त्याच छायाचित्रात नजर जरा खाली आणा. दुकानाच्या मजल्यावर हिरवट शिरांचा मौल्यवान संगमरवर आहे, तोही ग्रीसमधून आणलेला. कोरीव काम नाही हे खरे, परंतु दगडाच्या शिरा हीच तिथली नक्षी आहे. अशा दगडाचे मोठे पत्रे कापायचे, त्यांच्या शिरा जुळवायच्या आणि सांधे नजरेत येऊ न देता बसवायचे, हे काम किती जोखमीचे असेल याची कल्पना करा. साधी दिसणारी ही इमारत स्वस्त मुळीच नव्हती.

लोसच्या व्याख्यानात एक भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नक्षीमुळे कारागिराचे श्रम वाया जातात, त्याला योग्य मोबदला मिळत नाही, आणि फॅशन बदलली की धडधाकट वस्तूही फेकली जाते, असे तो म्हणतो. म्हणून साध्या पेटीला नक्षीदार पेटीइतकीच किंमत द्यावी, वाचलेला वेळ कारागिराचा! मी मात्र कडियाची एक दिवसाची मजुरी कापायला निघालो होतो. लोसचे निम्मे म्हणणे तेवढे मी ऐकले होते.

दुसरी बाजूही तो स्वतःच सांगतो. आपल्या चांभाराला आपण तीस क्राउनऐवजी चाळीस क्राउन देऊ केले, तर तो आनंदून जाईल. पण मग अट घातली की बूट अगदी साधे हवेत, एक टाका, एक भोकही नक्षीचे नको, तर त्याचा चेहरा उतरेल. पैसे जास्त, काम कमी, आणि तरीही आपण त्याचा आनंद काढून घेतला. म्हणून लोस त्या चांभाराचे नक्षीचे बूट मुकाट्याने घालतो. नक्षीविरुद्ध एवढा आग पाखडणारा माणूस इथे थांबला, हे मला त्याच्या साऱ्या युक्तिवादापेक्षा मोठे वाटते.

त्याचे सगळेच मात्र मान्य करू नका. अंगावर गोंदवून घेणाऱ्या लोकांना त्याने त्या व्याख्यानात मागासलेले ठरवले आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या आजीच्या हातावर तुळशीचे गोंदण आहे त्यांनी ते आजीला जरूर वाचून दाखवावे आणि तिचे उत्तर मला कळवावे.

कपड्यांच्या बाबतीत १९२६ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी अमेरिकेतील 'व्होग' मासिकाने पॅरिसच्या कोको शनेल यांच्या एका साध्या काळ्या पोशाखाचे चित्र छापले आणि त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली, म्हणजे सगळ्यांना चालेल असा पोशाख. इथेही तोच न्याय लागतो. फुलाफुलांच्या छापील कापडात खांद्याची शिवण थोडी ओढली गेली तरी खपून जाते. एकरंगी कापडात ती लांबूनही दिसते. खात्री करायची असेल तर घरातल्या दोन कुर्त्यांच्या शिवणी शेजारी शेजारी ठेवून पाहा.

आता घराच्या आत जाऊ. इथे कारागिराच्या जोडीला राहणाऱ्या माणसाचा प्रश्न येतो. अमेरिकेत शिकागोच्या पश्चिमेला प्लानो नावाचे गाव आहे. तिथे फॉक्स नदीच्या काठी एडिथ फार्न्सवर्थ या डॉक्टरबाईंनी सुट्टीत राहण्यासाठी एक घर बांधून घेतले. रचनाकार होते जर्मनीहून आलेले विख्यात मीस व्हान डर रोहे. १९५१ मध्ये पूर्ण झालेले हे घर म्हणजे जमिनीपासून पाच फुटांवर, पांढऱ्या पोलादी खांबांवर उचललेली काचेची एकच खोली. चारही बाजूंना काच, आत स्नानगृहाचा लाकडी गाभा, बस्स. पोलादाचे सांधे भरून, घासून, रंगवून इतके गुळगुळीत केले की जोड कुठे आहे ते कळू नये. जगभरचे वास्तुरचनेचे विद्यार्थी हे घर अभ्यासतात आणि छायाचित्रात ते अप्रतिम दिसते, यात शंका नाही.

डॉक्टरबाई मात्र त्यात राहत होत्या. उन्हाळ्यात घर तापे, हिवाळ्यात काचांवर पाणी धरे, रात्री दिवा लावला की किडे काचेवर गोळा होत. खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला, मनात कडवटपणा आला आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्यांनी जाहीरपणे केलेल्या तक्रारींपैकी एक अगदी आपल्या स्वयंपाकघरातली आहे. घराकडे येणाऱ्या रस्त्यावरून ओट्याचा भाग दिसे, म्हणून मोरीखाली कचऱ्याची बादलीसुद्धा ठेवता येत नसे. ती लांबच्या कपाटात लपवून ठेवावी लागे. बादली नाहीशी झाली नव्हती. ती फक्त बाईंच्या पायांवर पडली होती, रोज तितकी पावले जास्त. तरीही त्यांनी ते घर वीस वर्षे वापरले आणि १९७२ मध्ये विकले. नदीच्या पुराचे पाणी १९५४ मध्ये आणि पुढे १९९६ मध्येही आत शिरले. २००३ मध्ये एका वारसासंवर्धन संस्थेने ते विकत घेतले आणि २०२१ मध्ये घराच्या नावात त्यांचे पहिले नावही जोडले गेले, 'एडिथ फार्न्सवर्थ हाउस'.

पालकांनी आणि विश्वस्तांनी पुढचा भाग जरा सावकाश वाचावा, ही विनंती. आपल्या शाळेच्या वाचनालयाच्या नव्या रचनेचे चित्र सूचनाफलकावर लागले आहे. पांढऱ्या भिंती, मोठ्या खिडक्या, मधोमध लांब टेबल, भिंतीलगत एकही कपाट नाही. चित्र मला मनापासून आवडले. सध्याच्या वाचनालयात उजेड कमी आणि दाटी फार, हेही खरे आहे. पण भिंतीलगतची कपाटे काढली की त्यांतली बांधीव मासिके आणि जुने शब्दकोश कुठे जातील, ते चित्रात दिसत नाही. तळमजल्यावरच्या खोलीत, असे तोंडी कळते. मग एखाद्या मुलीला शब्दकोश पाहायचा असेल तर दोन जिने उतरून किल्ली मागावी लागेल, आणि ग्रंथपालबाईंना दिवसातून कितीदा तरी वर-खाली करावे लागेल. त्यांचे गुडघे पाहता ही बाब लहान नाही. नवी रचना नको, असे मी म्हणत नाही. खिडक्यांच्या खालच्या भिंतीत कंबरेइतक्या उंचीचे उघडे कप्पे बसतील असे मला वाटते. उजेड अडणार नाही आणि पुस्तक हाताशी राहील. त्यासाठी भिंतीची आणि पुस्तकांची मापे हवीत.

ती घेण्याचे काम इयत्ता नववीचे. सोबत मोजपट्टी, वही आणि मऊ पेन्सिल आणावी. पहिल्या गटाने वाचनालयातल्या प्रत्येक कपाटातील प्रत्येक खणाची लांबी, खोली आणि उंची लिहावी, आणि पुस्तकांनी प्रत्यक्षात किती लांबी व्यापली आहे ते वेगळे मांडावे. दुसऱ्या गटाने खिडक्यांखालच्या भिंतींची मापे घ्यावीत. तिसऱ्या गटाने एक आठवडाभर मधल्या सुट्टीत बसून कोणते पुस्तक कितीदा काढले जाते त्याची नोंद ठेवावी. ग्रंथपालबाईंची परवानगी मी घेतली आहे. आठवीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरात भिंत जिथे फरशीला मिळते तो कोपरा जवळून पाहून त्याचे रेखाटन करावे, पट्टी असेल तर पट्टीसह, नसेल तर रेघ जशी आहे तशी, वाकडी असेल तर वाकडीच. वह्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चित्रकलेच्या वर्गात जमा कराव्यात. मापांचा तक्ता तयार झाला की तो विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत मांडू.