वेल्डिंगचे हेल्मेट : आधी काचेचा नंबर पाहा

मिरचीचे देठ खुडताना डोळ्यांत तिखट गेले की होणारी आग भिवापूरकरांना ठाऊक आहे. उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग पाहिल्यासही तशीच आग होते. मात्र ती लगेच नव्हे, तर बहुधा सहा ते बारा तासांनी, ऐन झोपेच्या वेळी सुरू होते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सोसत नाही. वेल्डिंगमधील अतिनील किरणांनी बुबुळावरील पारदर्शक पडदा भाजल्याचा हा परिणाम असतो. साधा काळा गॉगल यापासून वाचवत नाही.

हेल्मेट घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) काचेचा रंग नव्हे, नंबर पाहावा. ग्रील-दरवाज्यांच्या नेहमीच्या विद्युत वेल्डिंगला १० किंवा ११ नंबर, जास्त करंटला १२. गॅस वेल्डिंगची ५ नंबरची काच येथे चालत नाही.

२) हेल्मेटने चेहऱ्यासोबत कान व गळाही झाकला जावा. हातातल्या शील्डमुळे एक हात अडकतो आणि टाका मारताना ती बाजूला ठेवण्याचा मोह होतो.

३) तडा गेलेली काच लगेच बदलावी.

मदतनीसालाही काच द्यावी. मुलांना दूर ठेवावे.

त्रास झाल्यास डोळे चोळू नयेत. अंधाऱ्या खोलीत थंड पाण्याची पट्टी ठेवून नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. दूध, गुलाबपाणी किंवा बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत. ही जखम बहुधा दोन दिवसांत भरते; पण डोळ्यांत लोखंडाचा कण गेला असल्यास तासभरही थांबू नये.