शाळा आणि इन्फ्ल्युएंझा

इन्फ्ल्युएंझा हा श्वसनमार्गाचा अत्यंत सांसर्गिक रोग होय. माणसास हा रोग विषाणूमुळे होतो, हे १९३३ साली लंडन येथे स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. एकाएकी भरणारा ताप, डोकेदुखी, अंगदुखी, घसादुखी आणि खोकला ही त्याची प्रमुख लक्षणे होत. साध्या पडशाचा रोगी बहुधा हिंडता-फिरता असतो. इन्फ्ल्युएंझाचा रोगी अंथरूण धरतो.

या रोगाचा शाळेशी असलेला संबंध २००९ साली पुण्यास तीव्रतेने जाणवला. त्या वर्षी एच१एन१ या विषाणूच्या नव्या प्रकाराची साथ जगभर पसरली होती. ३ ऑगस्ट रोजी पुण्यातील एक शाळकरी मुलगी दगावली. या साथीतील भारतातील तो पहिला मृत्यू होता. पाठोपाठ शहरातील शाळा काही काळ बंद ठेवण्यात आल्या आणि तपासणीसाठी नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या.

रोग शाळेत इतक्या वेगाने का पसरतो? रोगी खोकतो, शिंकतो किंवा बोलतो, तेव्हा विषाणूयुक्त सूक्ष्म तुषार हवेत उडतात. शेजारी बसलेले मूल ते श्वासावाटे आत घेते. धातू व प्लॅस्टिक यांच्या पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवसही तग धरू शकतो; तेथून तो हातावाटे नाकातोंडात जातो. संसर्गानंतर साधारणतः एक ते चार दिवसांत लक्षणे दिसू लागतात. परंतु त्यापूर्वी सुमारे एक दिवस आधीपासूनच रोगी इतरांस रोग देऊ शकतो व पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. लहान मुलांत हा काळ अधिक लांबतो. म्हणूनच एक आजारी मूल प्रथम वर्गास आणि नंतर वर्गातील मुलांच्या घरांतील वृद्धांस व तान्ह्या बालकांस धोका पोहोचवू शकते.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. शिंकताना रुमाल अथवा कोपराचा बाक नाकातोंडापुढे धरावा. हात साबणाने किमान वीस सेकंद धुवावेत. साबणामुळे विषाणूचे स्निग्ध आवरण फुटते. पाण्याचा पेला सामाईक नसावा. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. विषाणू सतत रूप पालटत असल्याने लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. ती वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावी.

स्थानपरत्वे या उपायांत थोडा फेर करावा लागतो. महाराष्ट्रात साथीचा जोर मुख्यतः पावसाळ्यात असतो; दिल्लीत पावसाळ्याबरोबर हिवाळ्यातही तो आढळतो. दिल्लीच्या नैर्ऋत्येकडील द्वारका या उपनगरात मुले दाट वसाहतींतून बसने शाळेत येतात. हिवाळ्यात थंडी व धूर यांमुळे बसच्या आणि वर्गांच्याही खिडक्या मिटलेल्या असतात. तेथे हवा त्यातल्या त्यात बरी असेल अशा वेळी, विशेषतः दुपारी, खिडक्या उघडाव्यात आणि खोकणाऱ्या मुलास बसमध्ये चढवू नये.

मात्र सर्वांत मोठा अडथळा हवेचा नसून हजेरीचा आहे. बुडणाऱ्या चाचणीच्या किंवा पूर्ण उपस्थितीच्या बक्षिसाच्या चिंतेने पालक तापाचे औषध देऊन मुलास शाळेत धाडतात. ताप उतरतो, परंतु संसर्ग तसाच राहतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असली, तरी आजारपणाच्या कारणास्तव सवलतीची तरतूद आहे. शाळेने ही गोष्ट पालकांस आधीच सांगावी, बुडालेली चाचणी पुन्हा घ्यावी आणि पूर्ण उपस्थितीची बक्षिसे बंद करावीत. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल, तेव्हाच मुलाने वर्गात परतावे.

घरी रोग्यास विश्रांती व भरपूर पेय पदार्थ द्यावेत. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये; त्यापासून यकृत व मेंदूस गंभीर इजा होण्याचा संभव असतो. धाप लागणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसल्यास रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आजारी मुलास निर्धास्तपणे घरी राहता येणे, हाच शाळेतील साथीवरील पहिला प्रतिबंध होय.