सायंकाळचे वाळवंट : एक अभ्यासफेरी

राजस्थानातील जैसलमेर व बाडमेर या जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किलोमीटर क्षेत्रावर मरू राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. थरच्या वाळवंटातील जीवसृष्टीच्या रक्षणासाठी १९८० मध्ये हे क्षेत्र संरक्षित म्हणून घोषित झाले. वाळवंट म्हणताच वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु येथे त्यांनी व्यापलेला भाग सुमारे एक पंचमांशच आहे. उरलेली भूमी खडकाळ पठारांची, खारट सखल भागांची व गवताळ माळांची आहे. तिचे जीवन जाणून घ्यावयाचे असेल, तर सूर्यास्ताच्या सुमारास माहीतगार स्थानिक वाटाड्यासोबत पायी फिरणे हा उत्तम मार्ग होय.

सूर्यास्ताचा पालट

या प्रदेशात वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्याने दिवसभर तापलेली वाळू सूर्य मावळताच झपाट्याने निवते. दिवसा वावरणारे प्राणी आसरा शोधतात आणि रात्रीचे बाहेर पडतात. सांडा हा गवत व पाने खाणारा सरडा बिळात शिरून त्याचे तोंड मातीने बुजवून घेतो. त्याच सुमारास वाळवंटी खोकड भक्ष्याच्या शोधात निघते. वाटाड्या वाळूवरील खुणा वाचून दाखवतो : भुंगेऱ्यांच्या पायांची बारीक नक्षी, उंदरांच्या उड्या आणि फुरसे आडवे सरकत गेल्याच्या तिरप्या रेघा. चिंकारा मात्र सहसा दुरूनच दिसतो. वनस्पतींतील ओलाव्यावर तो पाण्याविना दीर्घकाळ राहू शकतो.

मुळांचा आधार

या साऱ्या जीवनाचा पाया वनस्पती आहेत. शेवण नावाचे बहुवर्षायू गवत मुळांनी वाळू धरून ठेवते व गुरांना सकस चारा देते. जवळजवळ पर्णहीन असलेले फोगाचे झुडूप टेकडीचा उतार सावरते. खेजडी म्हणजे आपल्याकडील शमी. तिची मुळे खोलवरचे पाणी शोधतात; पाला जनावरांना आणि शेंगा माणसांना उपयोगी पडतात.

माळढोकाचे संकट

याच गवताळ माळांवर माळढोक वावरतो. तेथे त्याला गोडावण म्हणतात. मादी जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे घटलेली संख्या भरून येण्यास फार काळ लागतो. आता देशात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले आहेत. समोरचे फारसे न दिसणारा हा जड पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतो. कालव्याचे पाणी आल्यावर काही माळ नांगराखाली गेले. २०१९ पासून सम येथील केंद्रात या पक्ष्याच्या प्रजननाचे प्रयत्न चालू आहेत. महाराष्ट्रातही सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य स्थापन झाले. परंतु आज तेथे त्याचे दर्शन दुर्मिळ झाले आहे.

पडीक कोणाला म्हणावे?

महसुली दप्तरात अशी पुष्कळ जमीन पडीक म्हणून नोंदली गेली. गावकऱ्यांनी देवाच्या नावाने राखलेल्या, जेथे झाड तोडले जात नाही अशा ‘ओरण’ भूमींचीही तीच गत झाली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरण भूमींचे सर्वेक्षण करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश दिले. दप्तरातील एका शब्दावर चराई, चारा आणि पक्ष्यांचे घर अवलंबून असते, हा यातील बोध होय.

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागातील शिक्षकांना गावच्या माळरानावर अशीच सायंफेरी काढता येईल. विद्यार्थ्यांनी गवतांची स्थानिक नावे, बिळे, घरटी व पाऊलखुणा वहीत टिपाव्यात; सोबत गावातील एखाद्या जाणत्या मेंढपाळास घ्यावे. ही टिपणे ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत समाविष्ट व्हावीत. गायरानाच्या वापराचा प्रश्न ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा सदस्यांच्या हाती सातबाऱ्याच्या जोडीला ही नोंदही असली पाहिजे.