साथीच्या काळात कर्करोगाचा उपचार

आमचा विषय बेणे आणि खताचा. तरी शिवारात फिरताना तंबाखूची चंची जागोजागी दिसते, म्हणून हे लिहीत आहोत.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, एस.टी. थांबली. देशातील ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीत मार्च ते मे या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंद २०१९ च्या त्याच महिन्यांपेक्षा ५४ टक्क्यांनी घटली, मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी. रोग काही घटला नव्हता, माणसे घरी अडकली होती. मुंबईचे टाटा रुग्णालय मात्र चालूच होते.

हळू वाढणाऱ्या काही गाठींत डॉक्टर स्वतःच शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, तोवर गोळ्या देतात. पण किरणांचा शेक मध्येच तुटला तर उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात. पाण्याची पाळी आपण मनाने लांबवतो, तसे इथे चालत नाही. तारीख डॉक्टरांनाच विचारावी. गाडी मिळत नसेल तर जवळच्या केंद्रात सोय होईल का, तेही विचारावे. फाईल कायम एका पिशवीत तयार असू द्या.

केमोच्या सलाईननंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा लग्न, जत्रा, भेटायला येणारे पाहुणे, सगळे टाळावे. पाहुणे रागावतील, रागावू देत! ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

तोंडात पांढरा चट्टा किंवा तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर साथ असो वा गाळप हंगाम, आधी दाखवून या.